सासूबाईंचा पहिला म्हाळ (पितृपक्षातलं श्राद्ध) आहे. तुमच्या घरी पितरपाठात काय काय करतात?

सेलूची_सून · सोमवार, सकाळी 11:20

नमस्कार मंडळी. सासर सेलूजवळचं, आम्ही सध्या छत्रपती संभाजीनगरात. सासूबाई मागच्या ज्येष्ठात गेल्या. वर्षश्राद्ध यंदा गावी झालं, त्यामुळे येत्या पितरपाठात त्यांचा पहिला म्हाळ आहे. मामा (सासरे) आहेत, म्हणजे आत्या (सासूबाई) सवाष्ण गेल्या.

घरातलं सगळं त्यांनाच ठाऊक होतं. कोणत्या तिथीला कोणाचं पान, कोणती भाजी आपल्यात चालत नाही, आखितीला (अक्षय तृतीयेला) किती केळ्या (मातीची छोटी मडकी) भरायच्या, घास टाकताना कोणाकोणाची नावं घ्यायची. आम्ही सुना पाट मांडायचो, वाढून द्यायचो, नावं त्या घ्यायच्या, तीही ओठांतल्या ओठांत. विचारावं असं कधी सुचलंच नाही, कारण त्या होत्या.

आता मोठ्या जाऊबाई म्हणतात सर्वपित्रीला सगळ्यांचं एकदाच घालू. मामा म्हणतात नवमीच धरायची. ननंदेचा फोन आला की तिचं आणखी वेगळं. गुरुजींना विचारलं, त्यांनी पोथीत आहे ते नीट सांगितलं, पण आमच्या घराची रीत त्यांना कुठून माहीत असणार?

तर तुमच्या घरी काय करतात ते लिहा. सगळ्या जातीधर्माच्या मंडळींनी लिहिलं तर बरंच. शास्त्रार्थ नको, घरचं सांगा.

गंगाथडी · सोमवार, दुपारी 1:05

सूनबाई, मामांचं बरोबर आहे. सवाष्ण गेलेल्या बाईचं पान नवमीला. भाद्रपद वद्य नवमी, तिला अविधवा नवमीच म्हणतात. मग ती कोणत्या का तिथीला गेलेली असेना. बाकी आपली घडी अशी: ज्याची जी तिथी त्या तिथीला, अपघातानं किंवा हत्यारानं गेलेला असेल तर चतुर्दशी, लेकरू असेल तर त्रयोदशी, आणि ज्यांची तिथी ठाऊक नाही, जे राहून गेले, त्यांची अमावस्या. जाऊबाई म्हणतात ते राहून गेलेल्यांसाठी आहे. ज्याची तिथी माहीत आहे त्याला अमावस्येला ढकलणं म्हणजे वेळ वाचवणं झालं.

एक वाद तुमच्याकडंही निघेल म्हणून आधीच सांगतो. नवमी नवरा हयात असेपर्यंतच करायची, तो गेला की दोघांचं एकत्र त्याच्या तिथीला, असं आमच्या गंगाखेडच्या बाजूला बरेच मानतात. काही घरं नवमी सोडत नाहीत. पहिल्या वर्षाचंही असंच आहे. आमच्यात वर्ष झाल्याबिगर माणूस पितरात घेत नाहीत, पण भरणीला पहिल्याच वर्षी करणारी घरंही गावात आहेत.

आम्ही शेतकरी माणसं, पिंड वगैरे गंगेवर (गोदावरीवर) गेलं तरच. घरी काय, तर सकाळी सारवून घ्यायचं, गोवरीचा विस्तव करायचा, त्यावर तूप आणि प्रत्येक पदार्थाचा घास, एकेकाचं नाव घेऊन. मग गाईचं पान, कावळ्याचं पान, आणि पितर म्हणून सांगितलेला माणूस जेवायला. हे महत्त्वाचं. पितर आदल्या दिवशीच सांगून यायचा. बाईच्या नावानं सवाष्ण, पुरुषाच्या नावानं त्याच वयाचा कोणी, शक्यतो त्याच्या ओळखीचा. तिला साडी-चोळी नाहीतर निदान ब्लाउजपीस, त्याला टॉवेल-टोपी. माझ्या वडिलांच्या नावानं आम्ही त्यांच्या बरोबरीचा गडी सांगत होतो. दोघांनी एका औतावर जन्म काढला. जेवताना तो हटकून म्हणायचा, "तुझ्या बापाला कढी एवढी आंबट चालत नव्हती."

अंबाडीची_भाजी · सोमवार, दुपारी 3:40

कढीचा विषय निघालाच आहे तर स्वयंपाकाचं मी लिहिते, माहेर जिंतूर, सासर माजलगाव.

कढी, भात, तांदळाची खीर (सासरी गव्हाची), उडदाचे वडे, भजी, पुरणपोळी किंवा साधी पोळी आणि भाज्या. भाज्यांत गवार, कारलं, भेंडी, दोडका, डांगर, आळू. काही घरी सोळा भाज्या मोजून, काही घरी सगळ्यांची मिळून एकच. वडे उडदाचेच का, याचं पोथीतलं कारण असेल ते असो, आपल्याकडं पोळा झाला की मूग-उडीद खळ्यावर येतो, त्यामुळे पितरांना नव्या उडदाचाच वडा जातो. आता शेतात सगळं सोयाबीन झालंय, उडीद दुकानातून आणावा लागतो, तो भाग निराळा. आणि या पंधरवड्यात गवार-कारल्याचा भाव विचारूच नका. एरवी कारल्याकडं ढुंकून न बघणारी माणसं पाव किलोसाठी भांडतात.

माहेरी कांदा-लसूण नाही. शेजारच्या घरी त्यांच्या आजोबाच्या पानात मटण असतं, कारण आजोबाला मटण लागायचं. दोन्ही घरांत कोणाला अडचण आली नाही. माझ्या चुलत सासऱ्यांच्या पानाशेजारी चहाची बशी असते. कपात नाही, बशीतच.

सूनबाई, नवमीला आत्यांना आवडायचं ते एक तरी करा. बाकी यादी मागंपुढं झाली तरी चालते.

तर्कट · सोमवार, सायंकाळी 6:15

धागा छान आहे पण कोणीतरी बोलायलाच हवं. आईबाप जिवंत असताना दवाखान्यात न्यायला सवड नसते आणि गेल्यावर सोळा भाज्या. आमच्या तालुक्यात तेराव्याला गावजेवण घालायला लोक व्याजानं पैसे काढतात. पाऊस नाही, पीक नाही, कीर्तनकाराचं पाकीट मात्र ठरलेलं. हे कोणासाठी?

गंगाथडी · सोमवार, सायंकाळी 7:02

तेराव्याच्या जेवणावर तुमच्याशी भांडण नाही. कर्ज काढून पंगत घालू नये हे मीही गावात बोलतो आणि बोलणी खातो. पण इथं त्या सूनबाई एका सवाष्णीला जेवू घालायचं विचारतायत. त्यात तुम्ही तेराव्याचा हिशेब कशाला घातला?

पैठण आपल्याला जवळ आहे म्हणून आठवण करून देतो. नाथांच्या घरी श्राद्धाचा स्वयंपाक झाला होता, त्याचा वास रस्त्यानं जाणाऱ्या, गावानं शिवायचं नाही ठरवलेल्या भुकेल्या माणसांना आला. नाथांनी ते अन्न त्यांनाच वाढलं. नंतर ब्राह्मण जेवायला येईनात, तेव्हा पितर स्वतः पानावर येऊन बसले, अशी कथा आहे. कथा खरी की खोटी ते सोडा. पैठणमध्ये ती आजही सांगतात आणि सांगताना लोक पितरांच्या बाजूनं असतात, रुसलेल्यांच्या नाही.

पंचशील_नांदेड · सोमवार, रात्री 8:50

सगळ्या घरचं सांगा म्हणालात म्हणून लिहितो. आमच्या घरी पितरपाठ नाही. बाबासाहेबांनी 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या त्यांत श्राद्धपक्ष करणार नाही, पिंडदान करणार नाही ही स्पष्ट प्रतिज्ञा आहे, आणि आमच्या आजोबांनी ती पाळली.

आमच्याकडं माणूस गेला की पुण्यानुमोदन आणि जलदान विधी. तुम्ही गावोगावच्या पत्रिकांवर हे शब्द वाचले असतील. तिसऱ्या, पाचव्या किंवा सातव्या दिवशी, जसं जमेल तसं. भन्ते मिळाले तर भन्ते, नाहीतर बौद्धाचार्य. त्रिशरण-पंचशील होतं, घरातली सगळी माणसं मिळून एका भांड्याला हात लावून ताटलीतल्या वाटीत पाणी ओततात, वाटी भरून वाहायला लागेपर्यंत. म्हटल्या जाणाऱ्या पाली गाथा तिरोकुड्ड सुत्तातल्या. अर्थ असा की उंचावरचं पाणी जसं सखलाकडं वाहत जातं तसं इथं दिलेलं गेलेल्यांपर्यंत पोहोचावं. नंतर माणसाबद्दल लोक बोलतात. हे बोलणं मला सगळ्यांत आवडतं. आमच्या मावशीच्या वेळी वीटभट्टीवरच्या बाया उठून बोलल्या, कोणी उसने दिलेले पैसे सांगितले, कोणी बाळंतपण. नातेवाइकांना त्यातलं निम्मं माहीत नव्हतं.

प्रतिज्ञा आजोबांची, पण आजीचं वेगळं होतं. आखितीला ती माठ भरायचीच, वर खरबूज ठेवायची. आजोबा बोलले की म्हणायची, उन्हाळ्यात माठ भरला त्यात धर्म कुठं आला? आता त्या दिवशी आम्ही आजीच्या नावानं विहाराबाहेर पाण्याचा रांजण भरून ठेवतो. आजोबा असते तर काय म्हणाले असते यावर घरात अजून वाद होतो.

उदगीर_कट्टा · सोमवार, रात्री 9:30

आमच्या लिंगायतांत जाळत नाहीत, पुरतात. बसवलेल्या स्थितीत, विभूती लावून, बेल वाहून, जंगम (आमचे गुरू) असतातच. मेला म्हणत नाहीत, लिंगैक्य झाला म्हणतात. ऐक्य झालेल्याला पुन्हा घास कशाला पोहोचवायचा, म्हणून श्राद्ध नाही. वर्षाच्या दिवशी समाधीची पूजा, जंगमांची पाद्यपूजा, जेवण. आता शेजारचं बघून पितरपाठ करणारी घरंही आहेत, माझं सासर त्यातलंच.

आमच्या समाध्या बहुतेक स्वतःच्याच शेतात असतात. रान विकायची वेळ आली की खरी पंचाईत. आमच्या चुलत्यांनी रान विकलं तेव्हा बांधाकडचा तेवढा कोपरा सोडून खरेदीखत केलं. घेणाऱ्यानं कुरकुर केली, पण नांगर तिथं येऊन वळतो. वाटणीच्या वेळी भाऊ भाऊ विहिरीवरून भांडले, पण समाधीचा कोपरा सामाईक राहील हे न बोलता ठरलं.

खुलताबादचे_सर · मंगळवार, सकाळी 7:45

सलाम आणि नमस्कार. आमच्यात तिसऱ्या दिवशी जियारत, मग चाळिसावा, मग बरसी. पण तुमच्या पितरपाठाच्या जवळ जाणारी म्हणजे शब-ए-बरात, शाबान महिन्याच्या चौदाव्या-पंधराव्यामधली रात्र. अब्बांच्या वेळी आम्ही पोरं दिवसा कबरस्तानात जाऊन काटेरी झुडपं काढायचो, कबरींवर माती ओढायचो, पाणी शिंपडायचो. रात्री फूल, उदबत्ती, फातिहा. घरी चण्याच्या डाळीचा हलवा, तो आधी फातिह्याला, मग शेजारी. फातिहा पढताना अम्मी गेलेल्यांची नावं एकामागून एक घेते, सगळ्यांच्या नावानं सवाब (पुण्य) बख्शते. सेलूच्या ताईंनी लिहिलं ना, सासूबाई ओठांतल्या ओठांत नावं घ्यायच्या, तसंच.

आमचं गावच मुळी गेलेल्यांच्या आठवणीवर चालतं. बुऱ्हाणुद्दीन गरीब, जैनुद्दीन शिराजी यांच्या दर्ग्यांवर उरूस भरतात, मलिक अंबरचा मकबरा इथंच आहे. उरूस म्हणजे वलीच्या मौतीचा दिवस, आणि त्या दिवशी पाळणे, मिठाई, बांगड्यांची दुकानं, सगळी जत्रा. बाहेरून आलेल्यांना हे विचित्र वाटतं. इथल्या लेकरांना नाही.

तेरणाकाठ · मंगळवार, रात्री 10:10

दोन दिवस वाचतोय. लिहू की नको करत होतो.

माझं गाव किल्लारीच्या शेजारचं. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बोळवून लोक उशिरा झोपले होते. घरं दगड-मातीची, भिंती दोन-दोन हात रुंद, वर माळवदाचा बोजा. थंडीवाऱ्यात ऊब देणारं तेच माळवद अंगावर आलं. लातूर-उस्मानाबादची 52 गावं पार झोपली, दहा हजारांच्या आसपास माणूस गेला. मी लातूरला वसतिगृहात होतो म्हणून आहे.

वर गंगाथडी काकांनी तिथींची घडी सांगितली. ती वाचताना माझ्या मनात आलं, आमच्याकडं ती घडीच राहिली नाही. त्या दिवशी भाद्रपदाची पौर्णिमा होती, दुसऱ्या दिवसापासून पितरपाठ. म्हणजे सगळ्या गावची तिथी एकच. म्हातारा, सवाष्ण, लेकरू, पाव्हणी आलेली लेक, सगळे एका तिथीचे. नवमी कोणाची, त्रयोदशी कोणाची, हे वेगळं करणारं मागं कोणी पाहिजे ना. आणि पाणी तरी कोणी द्यावं? घरात एक वाचला असेल तर तो सगळ्यांचा. एकही वाचला नसेल तर मामाच्या गावाहून कोणी, नाहीतर लेकीच्या सासरहून. आमच्या आळीत असं एक घर आहे, त्यांचं पान माझी आई वाढत होती, आता माझी बायको वाढते. आमचं त्यांचं नातं काहीच नाही, मध्ये भिंत होती तेवढंच.

दहन कसं झालं ते सांगत नाही. पडलेल्या घरांचीच लाकडं होती, त्यात वरून पाऊस. सावडायला वेगळी राख कोणाची म्हणून ओळखणार? नंतर आम्हाला नवी गावं मिळाली, सरळ रस्ते, एकसारखी घरं. म्हातारी माणसं तिथं राहायला गेली तरी पितराचं पान जुन्या गावठाणात नेऊन ठेवायची, जिथं उंबरा होता असं त्यांना वाटायचं तिथं. बाभळी एवढ्या माजल्यात की उंबरा कुठला ते नेमकं कोणालाच सांगता येत नाही. दरवर्षी 30 सप्टेंबरला स्मारकावर कार्यक्रम असतो, पोलीस मानवंदना देतात, पुढारी येतात. आम्हीही जातो. गावात बहुतेक जण आता तारीखच धरतात. पौर्णिमा मागंपुढं होते, तारीख सगळ्यांना पाठ आहे.

अंबाडीची_भाजी · मंगळवार, रात्री 10:48

दादा, तुमच्या बायकोला माझा नमस्कार सांगा.

तर्कट · मंगळवार, रात्री 11:20

तेरणाकाठ, वाचलं. शेजारच्या घराचं पान वाढणं मला पटतं, हे इथं लिहून ठेवतो. तेराव्याच्या पंगतीवरचं माझं म्हणणं मात्र कायम आहे.

सेलूची_सून · बुधवार, दुपारी 12:30

सगळ्यांनी एवढं लिहिलं, मी काल रात्री मामांना मोठ्यानं वाचून दाखवलं. तेरणाकाठ दादांचं ऐकल्यावर ते उठून बाहेर जाऊन बसले. त्यांचे एक मेव्हणे त्या भागात मास्तर होते.

आज सकाळी त्यांनी आणि मी वही घेऊन नावं लिहायला बसलो. पुरुषांची सरसर आली. मामांचे वडील, आजोबा, पणजोबा, पणजोबांचे भाऊ, त्यातला कोण वारीत गेला आणि आलाच नाही, इथपर्यंत. बायकांचं विचारलं की "थोरली", "धाकटी", "परभणीची", "मानवतची". मामांच्या आजीचं नाव त्यांना ठाऊक नाही. सगळे तिला बाई म्हणायचे, मामाही बाईच म्हणायचे. आत्यांचं सासरचं नाव पत्रिकेवर आहे, माहेरचं मला लग्नानंतर कितीतरी वर्षांनी कळलं होतं. मग आत्या ओठांत कोणाची नावं घेत होत्या? त्यांना ही माहीत होती की त्याही "परभणीची"च म्हणत होत्या?

कोणाकडं बायकांची नावं शोधायचा काही मार्ग आहे का?

पाटी_पेन्सिल · बुधवार, दुपारी 2:15

मी तहसीलमध्ये काम केलंय, म्हणून थोडं उपयोगाचं.

2023 ला शिंदे समिती आली आणि निजामकाळातल्या उर्दू-मोडी कागदांत कुणबी नोंदी शोधायचं सुरू झालं, तेव्हा अख्ख्या मराठवाड्याला खापरपणजोबाचं नाव पाठ झालं. आमच्याकडं वंशावळीच्या कागदांचे गठ्ठे लागले. पण ती वंशावळ बापाकडून चालते, त्यामुळे पानंच्या पानं भरली तरी बाई एक नाही. तुमच्या घरी असली तर तिच्यावर वेळ घालवू नका.

त्याऐवजी फेरफार काढा. जमीन ज्याच्या नावावर होती तो मेल्यावर वारसनोंद होते, तिथं विधवेचं नाव आणि पुढच्या काळात लेकींचंही येतं. जुन्या फेरफारात "मयत अमुक, वारस बायको अमुक" असं स्पष्ट लिहिलेलं मी कितीदा वाचलंय. मामांचे आजोबा आजीच्या आधी गेले असतील तर बाईंचं नाव सापडायची चांगली शक्यता आहे. आधी गेली असेल तर अवघड.

दुसरं म्हणजे तीर्थाचे उपाध्ये. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पैठण इथं त्यांच्याकडं घराण्यांच्या वह्या असतात. कोणी अस्थी घेऊन गेला, कोणी काशीहून येताना थांबला, की नोंद. तिथं सोबत आलेल्या बायकोचं, आईचं नाव लिहिलेलं मिळतं कधी कधी. गाव आणि आडनाव सांगा, ते वही काढतात. दक्षिणा आधी ठरवा.

उदगीर_कट्टा · बुधवार, दुपारी 4:00

आमच्या सीमेकडच्या भागात हेळवी यायचे, कर्नाटकातून, बैल घेऊन. दारात उभं राहून घराण्याच्या पिढ्या म्हणून दाखवायचे, आजोबा ज्वारीचं पायली-दोन पायली माप द्यायचे. त्यांच्या वहीत सुना कोणत्या घराण्यातून आल्या ते असायचं, नाव असायचं की नाही ते मात्र आजोबांनीही कधी विचारलं नाही.

सेलूची_ननंद · बुधवार, रात्री 9:05

मी वहिनीच्या धाग्यातली तीच, "आणखी वेगळं" सांगणारी. भाच्यानं लिंक पाठवली.

वहिनी, वेगळं म्हणजे मी एवढंच म्हणत होते की नवमीला आईबरोबर बाईंचंही पान असतं. बाईही सवाष्णच गेल्या. आई दरवर्षी दोन पानं वाढायची, तुम्हाला वाटायचं एक गाईचं. गाईचं तिसरं असायचं. म्हणजे पाटी_पेन्सिल यांचा फेरफार इथं उपयोगाचा नाही, बाई आधी गेल्या.

नाव आईला माहीत होतं. ती आणि बाई एकाच जात्यावर दळायच्या, ओवीत बाई स्वतःचं नाव गुंफायच्या, तिथून आईला कळलं. रखमा. माहेर मानवतचं. पप्पांना माहीत नसेल, त्यांच्यासमोर ते नाव कोणी घेतलंच नाही. परभणीची म्हणजे गोदा, ती बाळंतपणात गेली, तिचं लेकरूही. लेकराचं त्रयोदशीला आई नुसती दुधाची वाटी ठेवायची. थोरलीचं नाव मलाही नाही माहीत. आई तिला थोरलीच म्हणायची.

आणि डांगर करू नको. आईला डांगराची भाजी कधी आवडली नाही, पप्पांना आवडायची म्हणून ती करायची. सवाष्ण म्हणून मंडईजवळच्या मावशीला सांग, आईची मैत्रीण. त्यांना जिना चढवत नाही, गाडी पाठवा. मी अष्टमीला रात्री येते.

गंगाथडी · बुधवार, रात्री 9:40

लेकीबाळींना आधी विचारायचं असतंय. त्या बाहेर गेल्या म्हणून त्यांचं घर सुटत नाही, उलट आईजवळ बसून ऐकलेलं त्यांच्याकडंच जास्त राहतं. थोरलीचं पान अमावस्येला वाढा, थोरली म्हणूनच वाढा.

लातूरचा_टँकर · गुरुवार, सकाळी 8:20

पितरपाठावर सगळे बोलले, आखितीवर फक्त पंचशील दादा. आमच्या लातुरात खरं पितरांचं म्हणजे आखिती. कुंभाराकडून करा आणि केळी ही मातीची भांडी आणायची, गव्हाच्या राशीवर ठेवायची, गार पाणी, वाळा, वर आंबा किंवा खरबूज, पुरणपोळी आणि आमरसाचा निवद. पितरांना दिल्याशिवाय घरात कोणी आंबा खायचा नाही. बाजारात हापूस मार्चलाच आला तरी आमचे वडील तोंड फिरवून जायचे.

2016 ची आखिती विसरणार नाही. एप्रिलपासून मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं, नळाला महिना महिना थेंब नाही. मे महिन्यात आखिती. आई म्हणाली केळी रिकामी ठेवायची नाही. वडील म्हणाले जिवंत माणसाला प्यायला नाही. शेवटी आईनं तिच्या वाटच्या पाण्यातून केळी भरली आणि दिवस मावळल्यावर तेच पाणी तुळशीला नाही, गाईला नाही, गाळून पुन्हा पिण्याच्या हंड्यात ओतलं. पितर पिऊन झाले, आता आपण, म्हणाली.

अंबाडीची_भाजी · गुरुवार, सकाळी 9:10

तुमच्या आईशी माझं जमलं असतं.

बारावा_मजला · गुरुवार, दुपारी 1:30

मूळ अंबाजोगाई, आता पुण्यात. आमच्या सोसायटीत गच्चीला कुलूप आणि कावळा दिसत नाही. गाय तर नाहीच. मागच्या वर्षी घास खिडकीच्या कठड्यावर ठेवला तर खालच्या मजल्यावाल्यांनी ग्रुपवर फोटो टाकला. तुम्ही लोक काय करता? अजून एक, मला भाऊ नाही, आईचं पान मी वाढलं तर चालतं का?

पंचशील_नांदेड · गुरुवार, दुपारी 2:05

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आमच्याकडं सोपं आहे. भांड्याला हात मुलीचाही असतो. सगळ्यांचा असतो.

गंगाथडी · गुरुवार, दुपारी 2:50

आमच्याकडंही आता लेकी अग्नी देतायत, पान वाढायला कोण अडवतं? वाढा बिनधास्त.

कावळ्याचं म्हणाल तर गच्चीची चावी वॉचमनकडं असते, त्याला आदल्या दिवशी सांगा आणि त्यालाच जेवायला बसवा. कावळा नाही आला तर घास झाडाच्या बुंध्याशी ठेवा, मुंग्या-पाखरं खातात. प्लास्टिकच्या द्रोणात भरून नदीत सोडू नका, एवढं पाळा. आणि वाढायचं दुपारी बाराच्या सुमाराला. संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर नाही.

बारावा_मजला · गुरुवार, दुपारी 3:15

वॉचमन आपल्या केजचाच निघाला. जेवायला येतो म्हणाला, फक्त कारलं नको म्हणतोय.